ई-रीडरवर मराठी अक्षरं फुटतात? आधी फाइल तपासा, मग रीडरला नावं ठेवा

"इंग्रजी पुस्तकं झकास दिसतात, मराठी टाकलं की वाट लागते. कुठला रीडर घेऊ?" हा प्रश्न सारखा येतो. त्यावर उत्तरं देणारे किंडल बरं की कोबो बरं यावर हमरीतुमरीवर येतात. विचारणारा बिचारा पदरचे पैसे घालून दुसरा रीडर घेतो, तीच फाइल त्यात टाकतो आणि अक्षरं परत तशीच फुटलेली. बहुतेक वेळा दोष रीडरचा नसतो, फाइलचा असतो. शिवाय "अक्षरं फुटतात" या एका तक्रारीखाली चार वेगळी दुखणी दडलेली असतात. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून आधी निदान.

निदानाला दोन मिनिटं लागतात. फाइल संगणकावर उघडा. पीडीएफ असेल तर ती वाचायच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये, ईपब किंवा मोबी (हे ई-पुस्तकांचे फाइल-प्रकार) असेल तर कॅलिबर या ई-पुस्तकांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये. जोडाक्षर, पहिली वेलांटी आणि रफार असलेली एखादी ओळ शोधा, माउसने निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. आता काय दिसतं ते बघा.

ओळ निवडताच येत नसेल, तर ते स्कॅन आहे, म्हणजे पानांचे फोटो. पेस्ट केल्यावर भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं आली, तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात आहे (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक). देवनागरीच आली पण वेलांट्या भलतीकडे गेल्या, जोडाक्षरं गळाली, शब्दांच्या मधोमध मोकळ्या जागा पडल्या, तर मजकूर युनिकोड आहे पण पीडीएफने त्याची मोडतोड केली आहे. आणि ओळ जशीच्या तशी, शुद्ध आली तर फाइल ठणठणीत आहे. रीडरला बोल लावायचा तो फक्त या चौथ्या प्रकारात.

पेस्ट केल्यावर रोमन अक्षरं येतात

मराठी डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचा, मोठा काळ कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, सुरेख अशा फॉन्टांवर गेला. या फॉन्टांची युक्ती सोपी होती: रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवायचा. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरं असतो. तो फॉन्ट सोबत आहे तोवर डोळ्यांना 'मराठी' दिसतं. फॉन्ट गेला की सोंग उतरतं. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला असतो म्हणून ती ठीक दिसते. तिचं ईपब करायला गेलात की तो फॉन्ट मागे राहतो आणि रीडरवर रोमन भेंडोळं येतं.

कुठला फॉन्ट आहे ते पीडीएफच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'फॉन्ट्स' या यादीत कळतं. नाव कळलं की त्या फॉन्टासाठीचा परिवर्तक, म्हणजे त्यातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, शोधा. इथे एक धोका आहे: एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांची मांडणीही वेगळी असू शकते. कृतिदेवचा परिवर्तक श्रीलिपीच्या मजकुरावर चालवला तर कचऱ्यातून दुसरा कचरा निघतो. पहिलं एखादं पान बदलून बघा आणि मगच पुस्तकाला हात घाला.

लेखक किंवा प्रकाशक ओळखीचा असेल तर मूळ फाइल मागा. पेजमेकर किंवा कोरल अशा पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये बसवलेली फाइल मिळाली तरी तिच्यातला मजकूर त्याच जुन्या फॉन्टात असणार, पण सलग असेल, पानापानांत तुटलेला नसेल.

देवनागरी येते, पण मोडलेली

लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथेच, कारण "फाइल युनिकोडमध्ये आहे" असं त्यांना सांगितलेलं असतं आणि ते खरंही असतं.

पीडीएफ जन्माला आली छपाईसाठी. पानावर कुठला आकार कुठे बसवायचा एवढंच तिला मनापासून ठाऊक असतं. तो आकार म्हणजे कुठलं अक्षर, हे सांगणारा तक्ता तिच्यात असतो, पण देवनागरीच्या बाबतीत तो बहुधा लंगडा असतो. 'कि' घ्या. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी अशी नोंद असते, पानावर मात्र वेलांटी आधी काढली जाते. पीडीएफमधून मजकूर उपसला की तो पानावरच्या क्रमाने येतो. वेलांटी मागच्या अक्षराला जाऊन चिकटते किंवा ठिपक्यांच्या गोलावर लोंबकळते. 'त्र', 'ज्ञ', 'द्ध' हे फॉन्टात एकेक अखंड आकार असतात. त्यांची अक्षरं कुठली ते तक्त्यात नसेल तर ते गायब होतात किंवा त्यांच्या जागी चौकोन येतो.

म्हणून मराठी पीडीएफ कॅलिबरमध्ये टाकून ईपब करू नका. कॅलिबरच्या माहितीपुस्तिकेतच पीडीएफ हा रूपांतरासाठी सगळ्यात वाईट प्रकारांपैकी एक असल्याचं लिहिलेलं आहे, आणि ते इंग्रजीसह सगळ्याच भाषांबद्दल आहे. किंडलला ईमेल पाठवताना विषयात 'कन्व्हर्ट' लिहिलं की पीडीएफचं रूपांतर होतं, तिथेही मराठीचं हेच होतं. फाइलच्या नावाचं शेपूट बदलून ईपब केल्याने काही होत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण तसं करणारे भेटतात.

मग करायचं काय? अशी पीडीएफ एक तर चित्र म्हणून वाचा, नाही तर चित्र समजून तिचं ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्या.

चित्र म्हणून वाचायचं तर हिशेब बघा. ६ इंची पडदा साधारण ९ बाय १२ सेंटिमीटरचा असतो आणि ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद. अख्खं पान मावलं की १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटाचं होतं, म्हणजे औषधाच्या बाटलीवरची सूचना. दोन्ही बाजूंचा अडीच-अडीच सेंटिमीटरचा समास कापला की तेच अक्षर पावणेसातपर्यंत येतं, आणि पडदा आडवा केला की ९ पॉइंटच्या आसपास. आडवा पडदा आणि कापलेले समास एवढ्यावर बरीच पुस्तकं निभावतात. मराठी कादंबरी छापतात त्या डेमी आकाराच्या पुस्तकाचं स्कॅन असेल तर आणखी सोपं: पान १४ सेंटिमीटर रुंद, त्यातला मजकूर त्याहून अरुंद. समास कापून ७ इंची पडद्यावर उभं ठेवलं तरी अक्षर छापील अक्षराच्या चार-पंचमांशाच्या घरात राहतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे के२पीडीएफऑप्ट. हा मोफत प्रोग्रॅम पानावरचे शब्द चित्रांसारखे कापतो आणि छोट्या पडद्याच्या रुंदीत नव्याने रचतो. अक्षरं वाचायच्या भानगडीत तो पडतच नाही, त्यामुळे वेलांटी हलण्याचा प्रश्न येत नाही. देवनागरीला शिरोरेषेचा फायदा होतो. शब्द एकसंध राहतो. ओळी फार दाटीने बसवलेल्या असतील तर मात्र वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात का ते दोन-चार पानांवर बघून घ्या. केओरीडर या रीडरवर घालायच्या मोफत वाचन-प्रोग्रॅममध्ये हीच सोय 'रीफ्लो' या नावाने आत बसवलेली आहे.

ओसीआर हा कष्टाचा, पण कायमचा उपाय. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर मिळतो. मोठी फाइल असेल तर तुकडे करा. संगणकावरच करायचं तर टेसरॅक्ट या मोफत ओसीआर प्रोग्रॅमला मराठीचं प्रशिक्षण दिलेलं आहे. ओसीआरला फॉन्टाचं नाव, तक्ता, जुनी मांडणी कशाशी घेणंदेणं नसतं, ते फक्त आकार बघतं. त्यामुळे कृतिदेव-श्रीलिपीच्या स्वच्छ पीडीएफलाही हाच मार्ग चालतो, आणि परिवर्तक धुंडाळण्यापेक्षा पुष्कळदा लवकर होतो. ध आणि घ, भ आणि म, ब आणि व यांची अदलाबदल, गळलेले अनुस्वार, परिच्छेदात घुसलेले पृष्ठांक हे हाताने काढावे लागतात. तीनशे पानांची कादंबरी असेल तर ती आवडती असायला हवी, नाही तर इतका जीव कोण जाळणार!

स्कॅनचं वेगळं सांगायला नको. चित्र म्हणून वाचणं आणि ओसीआर हे दोन्ही उपाय तिथेही लागू आहेत.

फाइल शुद्ध आहे, तरी रीडरवर फुटते

आता रीडरची पाळी. इथेही दोन तक्रारी वेगळ्या करा.

सगळीकडे चौकोन दिसत असतील तर रीडरला देवनागरी फॉन्ट मिळालेला नाही. 'शक्ती'च्या जागी पाय मोडलेला क आणि सुटा त, 'धर्म'मधला रफार वर न चढता हलन्त र होऊन शेजारी उभा, असं दिसत असेल तर फॉन्ट आहे, पण तो जोडायचा कसा हे रीडरच्या मांडणी इंजिनाला येत नाही. पहिल्याला फॉन्ट घातला की भागतं. दुसऱ्याला दहा फॉन्ट घाला, फरक पडणार नाही. "फॉन्ट टाक, होईल" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि निम्म्या लोकांना तो निरुपयोगी असतो.

फॉन्ट घालायचा तर कॅलिबरमध्ये पुस्तकाचं रूपांतर करताना 'लुक अँड फील'मध्ये 'एम्बेड फॉन्ट फॅमिली' आहे, तिथे देवनागरी फॉन्ट निवडा. त्याआधी 'एडिट मेटाडेटा'मध्ये भाषा मराठी करा. ही पायरी लोक हमखास गाळतात. भाषेच्या जागी इंग्रजी किंवा काहीच नसेल तर रीडर फॉन्ट आणि शब्दकोश भलतेच निवडू शकतो. काही फॉन्टांत ल आणि श यांचे हिंदी आणि मराठी असे दोन्ही आकार असतात. पुस्तकाची भाषा मराठी नोंदलेली असेल तरच मराठी आकार येतात. किंडलसाठी रूपांतर एझेडडब्ल्यू३ या किंडलच्या नव्या फाइल-प्रकारात करा, मोबीमध्ये नको. जुन्या मोबीला आत बांधलेला फॉन्ट कळत नाही. पुस्तक उघडल्यावर फॉन्टांच्या यादीत 'पब्लिशर फॉन्ट' निवडायला विसरू नका, नाही तर घातलेला फॉन्ट आत नुसता पडून राहतो.

फॉन्ट कुठला? ई-इंकवर बारीक रेषा फिकट पडतात, म्हणून मध्यम जाडीचा घ्या. आयआयटी मुंबईचा शोभिका आणि तिरो देवनागरी मराठी हे कादंबरीसारख्या सलग वाचनाला चांगले. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त साधा, ठसठशीत, मोठ्या अक्षरात वाचणाऱ्यांना सोयीचा. तिन्ही मोफत आहेत. माझं मत विचाराल तर वयस्कर माणसाच्या रीडरवर मुक्त, स्वतःच्या रीडरवर शोभिका.

फक्त 'ॲ' चौकोनात जातो आणि बाकी सगळं नीट दिसतं, अशीही तक्रार असते. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फॉन्टांत ते असायचं कारणच नाही. फॉन्ट बदला, पुस्तकाला हात लावू नका.

जोडाक्षरं जुळत नसतील तर इंजिन बदलावं लागतं. कोबोवर साधं ईपब आणि केपब (कोबोचा स्वतःचा ईपबचा प्रकार) ही दोन वेगळी इंजिनं दाखवतात, आणि देवनागरीच्या बाबतीत केपब उजवं पडतं. कॅलिबरच्या ८ व्या आवृत्तीपासून केपबमध्ये रूपांतर करायची सोय आतच आहे. फाइल हाताने चढवत असाल तर नावाच्या शेवटी 'केपब' आणि 'ईपब' ही दोन्ही शेपटं टिंबांनी जोडलेली असावी लागतात, नाही तर कोबो ती साधी ईपब समजतो आणि तुम्ही परत पहिल्या जागी. केओरीडर वापरत असाल तर खालच्या पट्टीत 'फॉन्ट कर्निंग' बघा. ते 'बेस्ट'वर हवं. 'गुड'वर जोडाक्षरांची पूर्ण जुळणी होत नाही, 'फास्ट'वर तर अजिबात नाही. वेग वाढावा म्हणून कुणीतरी ते खाली आणतं, आणि मग मराठी बिघडलं म्हणून बोंब होते. केओरीडर कोबो, पॉकेटबुक आणि अँड्रॉइडवर सरळ बसतो. किंडलवर त्यासाठी जेलब्रेक करावा लागतो, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडावं लागतं. केवळ मराठीसाठी मी कुणाला त्या वाटेला लावणार नाही, कारण ॲमेझॉनने मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ मध्ये विकायला घेतली आणि तेव्हापासूनच्या अद्ययावत किंडलवर शुद्ध युनिकोड फाइल नीट दिसते. दिसत नसेल तर आधी सॉफ्टवेअर अपडेट झालंय का ते बघा.

दिसतं नीट, पण शोधलं की सापडत नाही

ही तक्रार कमी ऐकू येते, पण अभ्यासाची पुस्तकं वाचणाऱ्यांचा घाम काढते. पुस्तकात 'दुसऱ्या' हा शब्द शंभर ठिकाणी डोळ्यांना दिसतो आणि शोध म्हणतो, एकही नाही. दोष आडव्या रफाराचा. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहितात: कुणी नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त वापरतं, कुणी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक वापरतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. कॅलिबरच्या संपादकात 'फाइंड अँड रिप्लेस'ने दुसरा प्रकार पहिल्यात बदलून टाका; अदृश्य जोडकाचा क्रमांक युनिकोड २००डी.

हा बदल नुसत्या शोधासाठी नाही. रूपांतराच्या एखाद्या पायरीत तो अदृश्य जोडक गळतो, आणि मग सह्याद्रीच्या 'दऱ्या'चा समुद्राचा 'दर्या' होतो. असे शब्द एखाद्या पुस्तकात दिसले तर लेखकाच्या शुद्धलेखनाला हसू नका, मधल्या सॉफ्टवेअरने ते केलेलं असतं.

फाइल मुळातच चांगली कुठे मिळेल

विकिस्रोत, म्हणजे मुक्त पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय. मराठी विकिस्रोतावरून पुस्तक थेट ईपबमध्ये उतरवता येतं, आणि मजकूर युनिकोड असतो. उतरवण्याआधी पानांचे रंग बघा: लाल म्हणजे अजून तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकदा तपासलं, हिरवं म्हणजे दुसऱ्या माणसानेही बघितलं. लाल पानांचं पुस्तक उतरवलंत तर ओसीआरच्या चुका जशाच्या तशा येतील.

तिथे जुनी पुस्तकं मिळतात याला कायद्याचं कारण आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. अनुवादाला स्वतंत्र हक्क असतात, हे लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर हयात लेखकांच्या पीडीएफ फिरतात त्यांच्या दुरुस्तीबद्दल मला विचारू नका. एक तर त्या चोरीच्या, वर बहुतेक तिरप्या आणि सावली पडलेल्या.

ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं मोफत आणि रीतसर, पण मुख्यतः पीडीएफ. साहित्य संस्कृती मंडळाची जुनी प्रकाशनं स्कॅन. म्हणजे दोन्हीकडे वरचा पडदा-समासाचा हिशेब आला. बुकगंगावर मराठी ई-पुस्तकं भरपूर, मात्र ती त्यांच्या ॲपमध्ये वाचायची. किंडल-कोबोवर ती जात नाहीत. किंडलच्या दुकानात घेतलेलं पुस्तक आधी संगणकावर फाइल म्हणून उतरवता यायचं, ती सोय २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. स्वतःच्या फाइली पाठवायच्या तर ॲमेझॉनची 'सेंड टू किंडल' ही सेवा २०२२ पासून ईपब घेते आणि मोबी नाकारते, त्यामुळे जुन्या ब्लॉगांवरचा "मोबी करून ईमेल करा" हा सल्ला बाद. ईमेलने ५० एमबीपर्यंत जातं, संकेतस्थळावरून २०० एमबीपर्यंत. स्कॅनच्या फाइलींना दुसरा मार्ग.

केबल लावूनही संगणकाला रीडर दिसत नसेल तर आधी केबल बदला, कारण फोनसोबतच्या काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात. २०२४ चं नवं किंडल असेल आणि समोर मॅक असेल तर केबल निर्दोष आहे. ही मॉडेलं पेनड्राइव्हसारखी उघडत नाहीत, एमटीपी या फाइल देवाणघेवाणीच्या वेगळ्या पद्धतीने बोलतात आणि मॅकला ते आपणहून समजत नाही. वेगळं ॲप घाला, नाही तर 'सेंड टू किंडल' वापरा.

हे सगळं करूनही नवा रीडर घ्यायचाच असेल

दुकानातून मराठी विकत घेऊन वाचणार असाल तर किंडल, फार डोकं चालवू नका. स्वतःच ईपब गोळा करणार, बदलणार, फॉन्ट घालणार, अशा खटाटोप्या माणसाला कोबो किंवा पॉकेटबुकवर केओरीडर मोकळीक देतो. परदेशात राहत असाल आणि तिथल्या सार्वजनिक वाचनालयाची इंग्रजी पुस्तकंही हवी असतील तर कोबोत ओव्हरड्राइव्ह ही वाचनालयाची ई-पुस्तकं देणारी सेवा आतच आहे. किंडलवर ती सोय फक्त अमेरिकेत. बुकगंगाचं ॲप ई-इंकवर हवं असेल तर बूक्ससारखा अँड्रॉइड रीडर घ्यावा लागेल, बॅटरी लवकर उतरेल आणि खिसा जास्त हलका होईल, हे मान्य करून.

आणि तुमच्या संग्रहात ए४ स्कॅनच जास्त असतील, जुने अंक, अहवाल, प्रबंध, तर ६ आणि ७ इंचाच्या कुठल्याही दोन रीडरांची तुलना करण्यात वेळ घालवू नका. १०.३ इंची पडदा सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर अख्खं ए४ पान समास न कापताही ७० टक्के आकारात दिसतं, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटाच्या आसपास, तेही पडदा उभाच ठेवून.